फोटो नसलेलं घर

स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवणारी माणसं जगात थोडीफार असतील, पण दुसऱ्यांचाही विश्वास उडवून द्यायचा वसा घेतलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या शाळेत चित्रकला शिकवत होता. नाशिक रोडच्या त्या शाळेत मी गणिताचा मास्तर आणि ते ड्रॉइंगचे. ते मला ‘गणितवाले’ म्हणत, मी त्यांना ‘सर’. शेजारी शेजारी राहून आणि एकमेकांच्या घरचा चहा पिऊन आम्ही म्हातारे झालो. या माणसाने माझे सिनेमे नासवले, माझं वर्तमानपत्र नासवलं, आणि माझ्या लग्नाच्या अल्बमची तर अशी चिरफाड केली की माझी बायको बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. इतकं असूनही त्यांची आठवण आली की हसू फार वेळ टिकत नाही, जीव कळवळतो. चित्रांपासून सगळ्या गावाला सावध करत फिरणाऱ्या या माणसाच्या हातून त्याच्या स्वतःच्या बायकोचा चेहरा निसटला. तो परत मिळवायला त्यांनी जी धडपड केली, ती मी जवळून पाहिली आहे.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे. तिथे पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा असे, मधोमध चौकोनी खिडकी कापलेला. पाचवीत आलेल्या प्रत्येक पोराला चित्रकलेच्या पहिल्या तासाला असा पुठ्ठा करावा लागे. रंगपेटी नसली तरी चाले, पुठ्ठा नसला की वर्गाबाहेर. मग सगळी वरात मैदानात. एक डोळा मिटून, पुठ्ठा दुसऱ्या डोळ्यासमोर धरून शाळेकडे बघायचं आणि दोन चित्रं काढायची: एक देणगी मागायला न्यायचं, दुसरं देणगीबद्दल आभार मानायला न्यायचं. पोरं वस्ताद. पहिल्या चित्रात फुटकी कौलं, मोडका नळ आणि स्टुलावर पेंगणारा शिपाई. दुसऱ्यात हेडमास्तरांच्या खोलीपुढचे गुलाब. हेडमास्तरांनी दोन्ही कागद टेबलावर मांडून सरांना बोलावलं. “यातली खरी शाळा कोणती, ते एकदा सांगून टाका.” “दोन्ही खऱ्या आहेत साहेब,” सर म्हणाले, “म्हणून तर भीती वाटते. खोटं चित्र एखादा ओळखेल तरी.” पालकांची तक्रार मात्र कधी आली नाही. आमचे निम्मे पालक नोटांच्या छापखान्यात कामाला. छापील चित्रात कुठे काही चुकलंय का हे दिवसभर डोळे ताणून बघणं हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, त्यांना पोरगं घरी येऊन कॅलेंडरवरच्या देवाची कसून तपासणी करतंय यात काही वावगं वाटत नसे.

ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेत तेव्हा स्मरणचित्र नावाचा एक भाग असे. समोर काहीही न ठेवता, नुसतं आठवून चित्र काढायचं. सरांचा या स्मरणचित्रावर फार जीव. एकदा त्यांनी विषय दिला, ‘आपल्या गावाजवळचा डोंगर’. वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांनी दोन टोकदार डोंगर काढले, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी आणि काठाला नारळाचं झाड. सरांनी सगळा वर्ग खिडकीशी उभा केला. बाहेर नाशिकचे डोंगर होते, माथ्यावर सपाट, कुणी सुरीने शेंडे उडवावेत तसे. “टोक कुठाय? दाखवा मला टोक,” सर ओरडत होते. शेवटी पेठकडून आलेला, डोंगरातच जन्मलेला एक मुलगा म्हणाला, “सर, पुस्तकात असाच हाय.” सर मटकन खुर्चीत बसले. मधल्या सुट्टीत त्यांनी चहाला हात लावला नाही. “डोंगर रोज समोर उभा आहे आणि पोरं पुस्तकातला काढतात,” ते मला म्हणाले. “एक चित्र आत शिरलं की अख्खा डोंगर पुसला जातो, गणितवाले. माणसांचं काय होत असेल?” मी त्यांच्या वाटचा चहा पिऊन टाकला आणि हसलो. मला तेव्हा तो नेहमीचा विक्षिप्तपणा वाटला होता.

एका पावसाळ्यात गोदावरीला पूर आला. पूर म्हणजे आमच्याकडे नेहमी येतो तसाच, नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत. पण एका वर्तमानपत्रात असा फोटो आला की चहूकडे समुद्र, आणि त्या समुद्रात कसाबसा तग धरून राहिलेला मारुती. तो बघून माझे सासरे साताऱ्याहून मिळेल त्या एसटीने धावत आले आणि आम्हाला गच्चीवर नाही तर ओट्यावर शेंगा सोलताना बघून थोडे हिरमुसले. सरांना ही पर्वणीच. दुसऱ्या दिवशी वर्ग घेऊन ते पंचवटीत हजर. ज्या पायरीवरून फोटो निघाला ती शोधून काढली आणि भाजी घ्यायला आलेल्या बायकांच्या गर्दीत ओल्या पायरीवर पालथे पडून, पुठ्ठा पाण्याला टेकवून त्यांनी पोरांना एकेक करून तो समुद्र दाखवला. नंतर सगळ्यांना उभं करून विचारलं, “आता किती पाणी?” “घोट्याएवढं, सर!” पोरं ओरडली. माझे सासरेही सोबत गेले होते. त्यांनीही पालथं पडून बघितलं, धोतर भिजवून परत आले आणि जेवताना एवढंच म्हणाले, “तुमचा हा मास्तर माणसाला कशाचंही सुख लागू देणार नाही.”

सासऱ्यांचं काही खोटं नव्हतं. मी सिनेमाचा भक्त. आठवड्याला एक सिनेमा बघितला नाही तर मला अन्न गोड लागत नसे. सर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत आणि पडद्यावर नायिकेचा जीव जात असताना कानाशी लागत, “आता जवळून डोळे दाखवतील. बघा. आता दिवा विझेल.” आणि खरंच दिवा विझे. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटून जाई. एकदा त्यांनी अख्खा आठवीचा वर्ग सकाळच्या खेळाला नेला. नियम एकच: रडू यायला लागलं की दोन्ही कानांत बोटं घालायची आणि नुसतं बघायचं. मध्यंतरानंतर पडद्यावर आई मरायला टेकली. पोरांनी कानांत बोटं घातली. व्हायोलिनं बंद झाल्यावर उरलं काय, तर एक धडधाकट बाई डोळे फिरवतेय आणि एक दणकट माणूस तोंड वेडंवाकडं करतोय. एक पोरगं फिसकन हसलं आणि मग सगळी रांगच हसत सुटली. मागे बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावून हमसत होत्या, त्या खवळल्या. डोअरकीपर बॅटरी घेऊन आला. “ओ मास्तर, पोरं काढा भाईर. लोकं लय तापलेत. इथं माणसं पैसे देऊन रडाया येत्यात, तुमी काय लावलंय?” सर निमूटपणे वर्ग घेऊन बाहेर पडले. उन्हात उभं राहून म्हणाले, “त्याचं म्हणणं बरोबर आहे. रडू नका असं माझं म्हणणंच नाही. कोण रडवतंय तेवढं बघून ठेवा, मग खुशाल रडा.” पुढे मोठी झालेली त्यांची कितीतरी मुलं मला हे वाक्य ऐकवतात.

सरांच्या घरात अर्थातच एकही फोटो नव्हता. भिंतीवर नुसत्या आकड्यांचं कॅलेंडर, आणि देव्हाऱ्यात मूर्ती, तसबीर नाही. त्यांच्या लग्नात फोटोग्राफर बोलावलाच नव्हता, कारण फोटो काढताना माणूस स्वतःसारखा दिसेनासा होतो असं सरांचं मत. वहिनी सटाण्याकडच्या. शहरात राहून बोलणं आमच्यासारखंच झालेलं, पण लाजल्या किंवा रागावल्या की मधूनच ‘आहे’ऐवजी ‘शे’ असा माहेरचा एखादा शब्द निसटून येई. मूलबाळ नव्हतं. सर बोलत असत आणि वहिनी ऐकत असत, असा तो संसार. ऐकताना हाताला काहीतरी काम असे आणि चेहऱ्यावर एक समजूतदार हसू असे. सरांचं बोलणं त्यांना कितपत पटत होतं, हे मला कधी कळलं नाही.

एकदा पंचवटीत जत्रेला आम्ही चौघं गेलो होतो. तिथे फोटोचा एक तंबू होता आणि तंबूत प्लायवुडचं रंगवलेलं विमान. मागे कापडावर निळं आभाळ आणि ढग. विमानाच्या भोकात बसायचं, तोंड बाहेर काढायचं, की तुमचा आभाळातला फोटो. रांगेत पुढे ओझरच्या कारखान्यातला एक ओळखीचा फिटर बायकोपोरांना घेऊन उभा होता. आठवडाभर खऱ्या विमानाला हात लावणारा माणूस रविवारी प्लायवुडच्या विमानात बसायला रांग लावतो, हे बघितल्यावर सरांच्या अंगात आलं. त्यांनी तिथल्या तिथे रांगेलाच धडा द्यायला सुरुवात केली. हा ढग बघा, हा खिळा बघा, या पंखाला पोपडे आलेत ते फोटोत दिसणार नाहीत. फोटोवाला हात जोडायला लागला, मग शिव्या द्यायला लागला. या सगळ्या गोंधळात वहिनी हळूच रांगेत जाऊन उभ्या राहिलेल्या होत्या, हे फक्त माझ्या बायकोने बघितलं. केस नीट केलेले, पदर सारखा केलेला. सरांनी वळून बघितलं आणि आश्चर्याने म्हणाले, “तुला? कशाला?” वहिनी रांगेतून बाजूला झाल्या. “राहू द्या,” त्या हसून म्हणाल्या, “मी काय, रोजचीच शे ना घरात.” आम्ही भेळ खाऊन परत आलो. माझी बायको रस्ताभर सरांशी एक शब्द बोलली नाही.

ऐंशीनंतर आमच्या कॉलनीच्या गच्च्यांवर ॲन्टेना उगवायला लागल्या. आधी पडद्यावर माणसं कमी आणि मुंग्याच जास्त दिसत, मग हळूहळू मुंग्या गेल्या आणि माणसं स्वच्छ झाली. सरांनी युद्धाच्या तयारीने शाळेत नवा तास सुरू केला. पोरांनी घरातली साबणाची, दंतमंजनाची, बिस्किटांची रिकामी खोकी आणायची, जाहिरात कागदावर उतरवायची आणि तिच्यात काय दाखवलं नाही ते शेजारी लिहायचं. एका मुलीने लिहिलं होतं, ‘साबणाच्या जाहिरातीतल्या बाईकडे नळाला दिवसभर पाणी असतं. ती बादली भरून ठेवत नाही.’ सरांनी हा कागद स्टाफरूममध्ये प्रत्येकाला वाचून दाखवला. इतक्या आनंदात मी त्यांना फार कमी वेळा बघितलंय. “एक पोरगी सुटली,” ते म्हणत होते.

आणि त्याच वर्षी वहिनी आजारी पडल्या. दुखणं पोटाचं होतं, आणि डॉक्टर आमच्याशी बोलताना खाली बघत होते. शेजारी टीव्ही बघायला जाणं हा वहिनींचा एकच विरंगुळा, तोही उठवेनासं झाल्यावर संपला. एका संध्याकाळी मी गेलो तर सरांच्या घरात टीव्ही. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, “तिच्यासाठी.” पुढे दोन-तीन महिने मी रोज जात होतो. वहिनी कॉटवर उशीला टेकलेल्या, सर खाली सतरंजीवर, आणि समोर टीव्ही. स्वभाव कुठे जातो? सर पडद्याकडे बोट करून वहिनींना एकेक गोष्ट समजावून सांगत. हा पाऊस नळीचा आहे. ही बातम्या देणारी बाई कागदाकडे न बघता बोलते असं वाटतं, पण तिची नजर बघ, समोर कुठेतरी वाचतेय. वहिनी “हो का?” म्हणत. पुढे पुढे “हो का” म्हणायचं बळही राहिलं नाही, तेव्हा नुसती मान हलवत. एक दिवस बातम्या चालू असताना सर बोलत होते आणि मान हलायची थांबली.

सरांच्या पुतण्याने स्टुडिओवाल्याला बोलवू का, असं विचारलं. तेव्हा अशी पद्धत होती की मयताचा फोटो काढून घ्यायचा आणि मग स्टुडिओत मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवून द्यायचे. नाशिकमधल्या निम्म्या घरांत असे रंगवलेले डोळे हार घालून बसलेले आहेत. सरांनी नुसता हात वर करून नाही म्हटलं. तेराव्याला मात्र अडचण आली. पाट मांडला, फुलं आणली, आणि पाटावर ठेवायला काही नाही. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. सटाण्याहून मेहुण्यांनी एका लग्नातला ग्रुपफोटो आणला होता. वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या, आणि नेमका त्यांच्या तोंडापुढे कुणाचा तरी फेटा आला होता. सर तो फोटो हातात धरून खूप वेळ बसले. मग म्हणाले, “मी काढतो. मी चित्रकार आहे.” पाटावर त्या दिवशी नुसती फुलं ठेवली.

महिना गेला तरी चित्र होईना. एकदा संध्याकाळी मी गेलो तर घरभर कागद पडलेले. मी एक उचलला, दुसरा उचलला. नाक, डोळे, केसांचा भांग, सगळं सफाईने काढलेलं, हात कसलेलाच. चेहरा मात्र बातम्या देणाऱ्या त्या बाईचा होता. प्रत्येक कागदावर तीच. मी कागद खाली ठेवले, पण सरांनी माझ्याकडे बघितलं होतं. “तुम्हालाही दिसलं ना?” ते म्हणाले. “मला तिचा आवाज आठवतो. बांगड्या आठवतात. भाकरी थापतानाचे हात मी आत्ता काढून देतो. पण तोंड आणायला गेलो की ही बया येऊन बसते.” मग म्हणाले, “तीन महिने मी तिच्या शेजारी बसलो होतो, गणितवाले. ती चाललीय हे मला माहीत होतं. आणि मी बघत कुठे होतो? पडद्याकडे. तो खोटा आहे हे तिला पटवून देत होतो, आणि बघत त्याच्याकडेच होतो.” त्यांना मी रडताना पहिल्यांदा बघितलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

चहा पिताना मला एक कल्पना सुचली. मी म्हटलं, “सर, मला वहिनी आठवतात. मी सांगतो, तुम्ही काढा.” खरं म्हणजे मी कुठल्याही चेहऱ्याकडे टक लावून बघणारा माणूस. सिनेमाने मला दुसरं काही शिकवलं नसेल, पण चेहऱ्यांत रमायला शिकवलं होतं. त्या दिवसापासून रोज शाळा सुटल्यावर आमचं काम सुरू झालं. कपाळ लहान होतं, सर. अजून लहान. हनुवटी थोडी बाजूला झुकलेली. हसताना डोळे बारीक व्हायचे, डावा जास्त. मी डोळे मिटून सांगायचो आणि ते काढायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. एवढ्या सगळ्या पोरांना बघायला शिकवलेला माणूस माझ्यासारख्या गणितवाल्याच्या तोंडाकडे जिवाच्या आकांताने बघत बसे. बातम्यांवाली बाई हळूहळू कागदावरून मागे सरली. पण तिच्या जागी जी बाई येत होती, ती वहिनीही नव्हती. ओळख लागत होती, एवढंच. मी म्हणायचो, जरा असं, जरा तसं, आणि सर दमत चालले होते. जेवण तुटलं होतं. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “हीच ना?” त्यांनी विचारलं. “अशीच होती ना?” त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मी कागदाकडे नीट बघितलंही नाही. “हो, सर,” मी म्हटलं. “ह्याच वहिनी.”

त्यांनी विचारलं नाही की कशावरून. हा माणूस, ज्याने आयुष्यात एकाही चित्राचा शब्द मानला नाही, त्याने तो कागद दोन्ही हातांनी घेतला, काच लावून आणली आणि समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला. हार घातला नाही, रोज एक फूल मात्र चौकटीत खोचत. निवृत्त झाल्यावर पाच-सहा वर्षं ते तसेच एकटे राहिले. मी रविवारी जायचो. टीव्ही पुतण्याला देऊन टाकला होता. आम्ही दोघं त्या चित्रासमोर बसून चहा प्यायचो, आणि कधीतरी सर चित्राकडे बघून समाधानाने म्हणायचे, “सापडली बरं का, गणितवाले. तुमच्यामुळे सापडली.” मी मान हलवायचो.

सर गेले, घर गेलं, चित्र पुतण्याने नेलं. माझी बायकोही आता नाही. वहिनींना जवळून बघितलेला असा मी एकटाच उरलो असेन. हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं, त्यांचा खरा चेहरा निदान चार ओळींत तरी उतरवून ठेवावा. म्हणून काल दुपारी डोळे मिटून शांत बसलो. लहान कपाळ, झुकती हनुवटी, हसताना बारीक होणारे डोळे, हे सगळे शब्द मला पाठ आहेत. पण चेहरा म्हणून समोर येतो तो चित्रातलाच. त्यात काहीतरी चुकलेलं होतं, हे मला पक्कं माहीत आहे. काय चुकलं होतं, ते आता मला सांगता येत नाही.